राधानगरीचा फणस

१२ नोव्हेंबर १९७३, सोमवार

अध्यापक विद्यालयातल्या बाईंनी सांगितलं आहे की शिक्षिका होणाऱ्या मुलीनं रोज थोडं तरी लिहावं. डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहावं, मनचं घालू नये. मी ते पाळणार आहे. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंत कुणी गेलं नव्हतं. मी चुकले तर ती माझी एकटीची चूक राहणार नाही, गल्लीतल्या दुसऱ्या मुलींच्या शाळेच्या आड येईल, अशी धास्ती मला सारखी असते.

आज खराद घरी आला. खराद म्हणजे लाकूड दोन टोकांत पकडून गरगर फिरवायचं यंत्र. अब्बा इतकी वर्षं वाद्यांच्या दुकानात दुसऱ्याच्या खरादावर ढोलक्यांची खोडं कातत होते. आता घरीच ढोलक्या करायच्या ठरल्या आहेत. बंद पडलेल्या कारखान्यातली विजेची मोटार मिळाली, ती माझ्या थोरल्या भावानं, चमनभाईनं पाठीवर घालून गल्लीच्या तोंडापासून परड्यातल्या पत्र्याखाली आणली. लोक उभे राहून बघत होते. भाई तालमीत होता तेव्हा असेच बघायचे. खासबागेच्या कुस्ती मैदानात त्याचा खांदा निखळला, त्यानंतर कुस्ती सुटली.

मोटार चालू झाली तेव्हा घराच्या भिंती थरथरल्या. अब्बांनी तिला हात लावून सलाम केला. अम्मानं साखर वाटली.

दुपारी भाभीनं पाण्याची घागर यंत्राजवळ ठेवली म्हणून भाईनं तिला ढोलकीच्या दोरीनं मारलं. खरं लिहायचं म्हणून लिहिते.


२० नोव्हेंबर, मंगळवार

आज आंब्याचं पहिलं खोड कातून झालं. अब्बा पटाशी धरतात तेव्हा लाकडाची साल कशी रिबिनीसारखी निघते. भाई धरतो तेव्हा ढलपे उडतात. अब्बा म्हणतात, 'जोर लावायचा न्हाय, लाकूड आपनहून येतंय.' भाईच्या मानेची शीर फुगते.

संध्याकाळी आतल्या खोलीतून आवाज येऊ लागले. आधी दोरीचा, मग भांडं पडल्याचा, मग डोकं भिंतीला लागल्याचा. मी आता वेगवेगळे ओळखू शकते. हे ओळखता येणं चांगलं नाही. अम्मानं स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली. स्टोव्हवर काही नव्हतं. ती पंप मारत राहिली, स्टोव्ह भणभणत राहिला, आणि मी 'बालमानसशास्त्र' उघडून बसले.

शेजारच्या बयाबाई मागच्या दारानं चटणी मागायला आल्या. आवाज ऐकून थांबल्या, म्हणाल्या, 'चालायचंच. आमचं म्हाताराबी लई मारायचं. आता दात न्हाईत तर पाया पडतंय.' आणि हसल्या. चटणी घेऊन गेल्या.

मला भाईचा राग करता येत नाही, हे इथं लिहून ठेवते. मला चौथीनंतर घरी बसवायचं चाचांनी ठरवलं होतं, तेव्हा चाचांची गचांडी धरून भाईच म्हणाला होता की पोरगी शिकणार. पहिल्या दिवशी हायस्कुलात त्यानंच खांद्यावर बसवून नेलं. एवढी मोठी झाले होते तरी.


९ डिसेंबर, रविवार

भाभी आजारी आहे. काल भाईनं तिला पोटात लाथ मारली. कारण मला कळलं नाही, मी वर्गातून उशिरा आले. पहाटे अम्मा आणि बयाबाई गोधडी आणि लुगडी धुवायला पंचगंगेवर घेऊन गेल्या. नळाला पाणी असताना नदीवर का, ते मी विचारलं तर अम्मा म्हणाली, 'तू अभ्यास कर.' बयाबाईंनी येताना परड्यात भाभीच्या न्हाणीमागं खड्डा केला आणि त्यावर तुळशीचं रोप लावलं. अम्मानं त्यांना अडवलं नाही. आमच्या घरात तुळस कशाला, ते मला कळलं नाही.

भाभीला बहुतेक ताप असावा. तोंड पांढरं झालं आहे. मी तिला पेज दिली. ती म्हणाली, 'ह्याबी खेपेला न्हाय,' आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

संध्याकाळी भाई दारू पिऊन आला आणि दारात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला की त्याच्या गळ्यात वांझ बांधली आहे. अब्बा खरादापाशी भुसा गोळा करत होते. ते उठले नाहीत. भुसा गोळा करून झाल्यावर तोच भुसा परत पसरून परत गोळा करू लागले.


२७ डिसेंबर, गुरुवार

भाभीला तिचे बापू राधानगरीला घेऊन गेले. चार दिवस हवापालट म्हणाले. भाईनं जाऊ दिलं, कारण बापू दारात येऊन उभे राहिले आणि बसाच म्हटलं तरी बसेनात.

गणपतराव शाहीर आले होते. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला त्यांचा फड डोंगरावर गाणार आहे, त्यासाठी त्यांना नवी ढोलकी हवी. आवाज डोंगराच्या पायथ्याला ऐकू गेला पाहिजे, म्हणाले. अब्बांनी आंब्याची दाखवली. त्यांनी टिचकी मारून खाली ठेवली. म्हणाले, 'लालासाब, फणसाची करा. आंबा लग्नात वाजवायला ठीक हाय.' अब्बांपाशी वाळलेला फणस नाही. ओला कातला तर उन्हाळ्यात तडकतो. ही ढोलकी नीट झाली तर घरचं काम उभं राहील, नाही तर अब्बांना परत दुकानात जावं लागेल. तिथं त्यांच्या जागेवर दुसरा बसलाही असेल.

भाभी नसल्यानं घर शांत आहे. हे लिहिताना वाईट वाटलं, पण खरं आहे. काल भाईनं मला आणि अम्माला जिलबी आणली आणि मला कुस्तीची बातमी मोठ्यानं वाचायला लावली.


१० जानेवारी १९७४, गुरुवार

भाभी आली. आणि फणस घेऊन आली.

एस. टी.च्या टपावरून ओंडका उतरवताना हमालानं शिव्या घातल्या. पाळण्यातल्या मुलाएवढा लांब, बाहेरून काळपट आणि चिरलेला. बापूंच्या परड्यातलं झाड दोन सालांमागं वठलं, ते पाडून गोठ्यात ठेवलं होतं. अब्बांच्या निरोपाशिवाय तिला कसं कळलं कुणास ठाऊक. अम्मा म्हणाली, पोर माहेरी जाऊन सासरचा विचार करते, बघ. भाईसुद्धा खूश दिसला. ओंडका त्यानं एका हातानं उचलला.

दुपारी आम्ही दोघी ईदच्या कातड्यांचे केस काढत बसलो. चुन्याच्या पाण्यानं हातांची सालं निघतात. मी भाभीला विचारलं, झाड का वठलं? ती म्हणाली, त्याची मोठी गोष्ट आहे. परड्यात दोन फणस होते. एकाला फळ धरायचं, दुसऱ्याला वर्षानुवर्षं धरेना. मग गावच्या रिवाजाप्रमाणं त्याच्या बुंध्यात खिळा मारला. झाडाला घाव बसला की ते घाबरून फळ धरतं म्हणे. दुसऱ्या साली खरंच लागले, फांद्या वाकेपर्यंत. आणि मग हळूहळू वठत गेलं.

मी म्हटलं, बिचारं.

भाभी हसली. म्हणाली, 'बिचारं कसलं. धरलं की त्यानं. त्याला इचारलं हुतं व्हय कुणी, धरतोस का म्हनून?'

मग ती बराच वेळ कातडं खरवडत राहिली. इतक्या जोरात की एका जागी भोक पडलं.


३ फेब्रुवारी, रविवार

आज अब्बांनी ओंडका तासायला घेतला. वाकसानं साल काढली तेव्हा आतून हळदीसारखं पिवळंधमक लाकूड निघालं. अब्बा लहान मुलासारखे खूश झाले. मला बोलावून म्हणाले, 'वास घे.' गोड वास आहे, पिकल्या फणसाचा नाही, दुसराच.

मध्यापाशी एके जागी लाकडावर शाईचा थेंब पडल्यासारखा काळानिळा डाग होता. अब्बांनी अंगठा थुंकीनं ओला करून त्यावर घासला. मग ओंडक्याला कान लावून बोटाच्या पेरानं ठोकलं. मग परत डाग बघितला. भाभी चहा घेऊन आली होती. अब्बांनी तिच्याकडं बघितलं. तिनंही बघितलं. मला वाटलं आता अब्बा काही विचारतील, पण ते म्हणाले, 'ऱ्हाऊंदे. हे मीच करीन. हातानं करीन, सावकाश.' आणि ओंडका पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात उभा केला.

गोऱ्या अंगावर तीळ असतो तसा तो डाग दिसतो. फणसाला असे डाग असतात का, ते वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात बघायला हवं.


१९ फेब्रुवारी, मंगळवार



गणपतराव बघायला आले होते. भाईनं आंब्याचं दुसरं खोड एकट्यानं पोखरलं होतं, त्याची भिंत एका बाजूला पापडाएवढी पातळ झाली होती. गणपतरावांनी ते उन्हात धरलं, पलीकडचा उजेड दिसला. म्हणाले, 'पैलवान, ढोलकी हाय ही. चितपट करायची नसतीया.' आणि अब्बा हसले. मोठ्यानं नाही. नुसता ओठ हलला.

गणपतराव गेले. अब्बा ठोकळ्यावर हात ठेवून कातड्याची वादी कापत होते. भाई आला, त्यानं शांतपणे विचारलं, 'हसलास का?' अब्बा म्हणाले, हसलो नाही. त्यानं परत विचारलं. अब्बा म्हणाले, 'अरे, तो गिऱ्हाईक हाय.' भाईनं मोगर उचलला, ज्यानं आम्ही ढोलकीच्या कड्या ठोकतो तो लाकडी मोगर, आणि अब्बांच्या उजव्या हातावर मारला. मग परत मारला.

अब्बा ओरडले नाहीत. त्यांनी डाव्या हातानं तोंडातली विडी काढली, ठोकळ्याच्या कडेवर नीट ठेवली आणि मग खाली बसले. मीच ओरडले. भाईनं माझ्याकडं बघितलं आणि मोगर टाकून दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरंच होतं, मी पाहिलं. मग बाहेर जाताना दारात उभ्या असलेल्या भाभीला त्यानं कानफाटात मारली. ती वाटेत होती एवढंच.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? अब्बा गप्प, अम्मा गप्प. शिकलेली मी, म्हणून सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, ओंडका पडला.

बाईंनी सांगितलं होतं, पाहिलं तेवढंच लिहावं. बोलायचं काय, ते सांगितलं नव्हतं.


४ मार्च, सोमवार

अब्बांचा हात प्लास्टरमध्ये आहे. बोटं मिटत नाहीत, डॉक्टर म्हणतात पूर्वीसारखी मिटायची नाहीत. म्हणजे पटाशी सुटली. अब्बा रोज खरादाशेजारी वेताच्या मोढ्यावर बसून भाईला सांगतात, पट्टा कुठल्या चाकावर घाल, पटाशी किती तिरकी धर. भाई ऐकतो. दारूही कमी केली आहे. अब्बांची लुंगी तोच धुतो. मला वाटलं, आता सुधारेल.

परवा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं भाभीचा हात चुलीत धरला. तळवा पूर्ण भाजला नाही, बोटांची टोकं भाजली. अम्मा स्टोव्हकडं गेली, पण रॉकेल नव्हतं, त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू आलं. भाभी मला म्हणाली, 'येक दिस मरनार मी ह्याच्या हातनं. तू बघशील. आन् डाक्टरला सांगशील, ओंडका पडला.'

 मला रडू आलं, तिला नाही आलं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, मला माझं नाव लिहायला शिकव. भाजलेल्या बोटांत पेन्सिल राहीना. मी चिंधी गुंडाळून दिली. 'हु' झालं.

रात्रीच्या जेवणाला भाईनं सांगितलं की उन्हाळा लागला, यात्रा जवळ आली, आता फणस खरादावर चढवतो. अब्बांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, 'चमन, त्या लाकडात...' आणि थांबले. भाई म्हणाला, 'काय त्या लाकडात? मला जमनार न्हाय म्हन की.'  भाभी अब्बांच्या पानात भाकरी वाढायला वाकली, तिची ती बोटं अब्बांच्या डोळ्यांसमोर आली. अब्बांनी प्लास्टरचा हात मांडीवरून उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला.

'काय न्हाय,' ते म्हणाले. 'चांगलं लाकूड हाय. घे.'


१७ मार्च, रविवार

काल झालं ते क्रमानं लिहिते. क्रमानं लिहिलं की डोकं ठिकाणावर राहतं.

सकाळी भाईनं ओंडका खरादावर चढवला. भाभीनं त्याला चहा दिला, दूध घालून, घट्ट. तो म्हणाला, 'आज लई माया आलीया,' आणि प्यायला. अब्बा रोजच्यासारखे मोढ्यावर बसले होते, पण मोटार चालू व्हायच्या आधी उठले आणि पुढच्या ओट्यावर जाऊन बसले. भुसा नाकात जातो, म्हणाले. भाभीनं अम्माला तांदूळ निवडायला पुढच्या सोप्यात बसवलं, उजेड तिथं चांगला आहे म्हणाली. मग पाटी घेऊन मला म्हणाली, आज नाव पुरं करू या.

अभ्यास सोडून मला बसायचं नव्हतं. पण ती इतक्या मनापासून म्हणाली.

मोटार सुरू झाली. आवाजावरून मला कळलं की भाईनं पट्टा वेगाच्या चाकावर घातला आहे. मोठ्या लाकडाला अब्बा तसं कधी करू देत नाहीत. मी अब्बांकडं बघितलं. ते रस्त्याकडं बघत होते. खराद गाऊ लागला. ढलपे पत्र्यावर आदळत होते. भाईनं जोर लावला की मोटारीचा आवाज खाली जायचा, मग परत वर. भाभी 'से' लिहीत होती. मी तिची मात्रा दुरुस्त केली. 'न' झाला.

मग टण्ण असा आवाज झाला. लाकडाचा नाही, लोखंडाचा. त्याच्या मागोमाग काहीतरी जड आपटलं, आणि मग मोटार एकटीच, मोकळी, फार वेगानं फिरत राहिली.

मी धावले. पटाशी उलटी येऊन तिची मूठ भाईच्या तोंडावर बसली होती. ओंडका टोकांतून सुटून त्याच्या उजव्या खांद्यावर आदळला होता, आधीच निखळलेल्या. तो पाठीवर पडला होता, कुस्तीत पाडल्यासारखा. जबडा एका बाजूला लोंबत होता आणि दात भुश्यात पडले होते. डाव्या डोळ्याच्या जागी काय होतं, ते लिहीत नाही. तो जिवंत होता. घशातून बुडबुडे येत होते आणि पाय मातीत घासत होते. पिवळा भुसा लाल होऊन त्याच्या कानापर्यंत चिकटला होता.

अब्बा माझ्यामागून आले. डाव्या हातानं त्यांनी मोटार बंद केली. मग गुडघ्यांवर बसून भाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि, 'चमन, चमन, माझ्या राजा,' असं म्हणत राहिले. अम्मा भिंतीवर डोकं आपटत होती. मी भाभीला हाक मारायला पुढच्या सोप्यात आले.

ती पाटीवर वाकून 'बी' पुरा करत होती. वेलांटी देऊन झाल्यावर ती उठली आणि म्हणाली, 'टांगा बोलाव.'

घाबरलं की माणसाला सुचत नाही, हातातलं काम तो करत राहतो. असं पुस्तकात आहे.


१८ मार्च, सोमवार

भाई शुद्धीवर नाही.

अम्मानं आज भाभीला मारलं. दवाखान्यातून आली, आणि चपलेनं तोंडावर, पाठीवर. 'तुझ्या म्हायारचं लाकूड, तुझ्या म्हायारचं,' म्हणत. भाभी उभी राहिली, अंग चोरलं नाही. अब्बा मध्ये गेले. म्हणाले, 'लाकूड मी घेतलंय. मला मार.' तेव्हा अम्मा खाली बसली.

दुपारी हवालदार आले. दवाखान्यातून कळवलं होतं, असल्या अपघाताची चौकशी करावी लागते. त्यांनी ओंडका पाहिला. कातल्या अंगातून खिळ्याचा वाकडा माथा बाहेर आला होता, बोटाएवढा जाड, बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेला मारतात तसला. भोवती सगळं लाकूड काळं पडलं होतं. ते अब्बांना म्हणाले, 'तुम्ही एवढे जुने कारागीर, तुम्हाला कळलं न्हाय?' अब्बा म्हणाले, 'साहेब, पोटातलं कुनाला दिसतंय.' भाभीला विचारलं, बाई, झाडात खिळा होता हे ठाऊक होतं का? ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, 'न्हाय जी.'

मग माझ्याकडं वळले. म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा.

मी म्हटलं, नाही.

मी खोटं बोलले का? नीट विचार करते. भाभीनं मला खिळ्याची गोष्ट सांगितली होती. पण परड्यात दोन फणस होते. जो पाडला तोच खिळ्याचा, असं तिनं शब्दांत सांगितलं नव्हतं. खिळा मारला तोच वठला, असं सांगितलं होतं. आणि वठलेला पाडला, हे तिनं आल्याबरोबर सांगितलं होतं. म्हणजे माहिती मला दोन तुकड्यांत होती, एकत्र नव्हती. तुकड्यांत असलेलं माहीत आहे असं म्हणता येईल का? हे कुणाला विचारता येणार नाही. बाईंना तर नाहीच.

भाभीला आठवलं नसेल. इतकं सोसणाऱ्या बाईला किती गोष्टी आठवणार.


२९ मार्च, शुक्रवार

भाई वाचला. जबडा तारेनं बांधला आहे. डावा डोळा गेला. उजवा हात खांद्यापासून हलत नाही, मज्जातंतू तुटले म्हणाले, तो परत हलणार नाही. बोलायला येईल की नाही, सांगता येत नाही. तो उजव्या डोळ्यानं सगळ्यांकडं एकामागून एक बघतो. माझ्यावर येऊन थांबतो. मी त्याला कुस्तीच्या बातम्या वाचून दाखवते.

अब्बा खाटेच्या पायथ्याशी बसून आज काहीतरी बरळत होते. त्यांना ताप आहे. म्हणत होते, 'मला वाटलं पटाशीचं तोंड मोडंल. एवढंच मोडंल. येवढीच अद्दल घडंल. पट्टा वेगावर घालंल असं कुठं वाटलं हुतं.' मी म्हटलं, अब्बा, झोपा. ते माझा हात धरून म्हणाले, 'तू लिवतीस न्हवं? हे लिवू नगोस.' तापातलं बोलणं म्हणून लिहिलं. खोडायला हवं का, ते उद्या ठरवीन.

भाभी रोज घरून पेज करून आणते. चमच्यानं थेंब थेंब, फुंकर घालून, तारेच्या फटीतून घालते. बाहेर आलेली धार पदरानं टिपते. बाजूच्या खाटेपाशी बसलेल्या बाईनं मला सांगितलं, अशी बायको नशिबानं मिळते. भाई तिच्या हातातला चमचा जवळ आला की डोळा मिटून घेतो.


५ एप्रिल, शुक्रवार

ढोलकी झाली. अब्बांचा डावा हात, माझे दोन्ही आणि भाभीचे. अब्बांनी खिळा उपटून काढला, त्या जागी त्याच फणसाची पाचर सरस लावून बसवली. उरलेलं कातणं पट्टा हळूच्या चाकावर घालून मी केलं. मला भीती वाटत होती, पण अब्बा म्हणाले तसं लाकूड आपनहून आलं. दोन्ही तोंडांच्या कातड्याच्या पुड्या भाभीनं ताणल्या. तिच्या हातात इतका जोर आहे, हे मला माहीत नव्हतं.

थाप मारली तर परड्यातले कावळे उडाले. बयाबाई त्यांच्या घरातून बाहेर आल्या.

गणपतराव आले, त्यांनी वाजवली आणि त्यांचे डोळे भरून आले. असा आवाज मी ऐकला नाही, म्हणाले. मग पाचरीवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, हेच का ते लाकूड? अब्बांनी मान हलवली. त्यांनी ढोलकी खाली ठेवली. माणसाचं रगत लागलेलं वाद्य देवाच्या डोंगरावर नेता येत नाही, म्हणाले. माफी मागितली, अब्बांच्या पाया पडले. दुसरी करा, म्हणाले, मी थांबीन, ह्या वर्षी जुनीवर भागवतो. तुमच्याच घरची घेईन.

म्हणजे काम उभं राहिलं. आनंद कुणालाच झाला नाही.


२१ एप्रिल, रविवार

भाईला घरी आणलं. आतल्या खोलीत भिंतीकडेला खाट टाकली आहे. अम्मा त्याच्याशी लहान बाळाशी बोलावं तसं बोलते. घर शांत आहे. स्टोव्ह आता फक्त चहाला पेटतो.

ढोलकी कुठं ठेवायची यावर अब्बा म्हणाले, भंगारात घाला, नाही तर जाळा. भाभी म्हणाली, नको, घरचं वाद्य आहे, घरात राहू दे. तिनं परड्यातून तो खिळा आणला. अब्बांनी उपटल्यावर तो वाकडा होता, तिनं दगडावर ठेवून सरळ केला. मग खाटेच्या समोरच्या भिंतीवर, भाई पडल्या पडल्या बघतो तिथं, मोगरानं ठोकला. चुना पडला, पण खिळा जागचा हलला नाही.

मी विचारलं, भाभी, तुला इतका चांगला खिळा ठोकता येतो?

'येतोय की,' ती म्हणाली. 'झाडालाबी म्यांच ठोकलावता. बापूनं हातोडी माझ्या हातात दिलती. कवार पोरीच्या हातनं मारला की फळ धरतंय म्हनून. कुठं मारलाय ते मला अजून डोळं मिटून दावता येईल.'

तिनं ढोलकी खिळ्यावर अडकवली, दोरी सारखी केली आणि एक पाऊल मागं होऊन बघितलं.

खाटेवर भाईचा डावा हात उठला होता. तो हवेत थरथरत होता आणि घशातून घरघर येत होती. त्याला पाणी हवं असेल म्हणून मी तांब्याकडं गेले.

भाभीनं ढोलकीवर एक थाप मारली.

हात गोधडीवर पडला.

'ऱ्हाऊंदे, मलिका,' ती म्हणाली. 'पानी नको हाय त्याला.'

मी तांब्या खाली ठेवला.